पाच वाजता मी झोपलेली असायचे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही, आणि जिला पहिल्यांदा सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय – का, ते विचारू नका. मलाही नीट कळलेलं नाही.

माझे वडील चर्चचे पाळक होते. रोज पहाटे पाचला उठून ते प्रार्थनेला गुडघ्यावर असायचे. लग्न होऊन मी दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये आले, तेव्हा चर्चमधल्या बायकांना एवढंच माहीत होतं – पाळकांची मुलगी आलीय. पहिल्याच महिला सभेत पाळकबाईंनी प्रत्येकीला विचारलं, तुमची रोजच्या प्रार्थनेची वेळ कोणती? कुणी म्हणालं, होत नाही रोज. कुणी म्हणालं, भाकरी थापता थापता. माझी पाळी आली आणि मी म्हणाले, “पहाटे पाचला.”

वडिलांची वेळ होती ती. मी तर कधी साडेसहाच्या आत डोळा उघडला नव्हता. पण बायकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं – ती मला आवडली. खरं सांगायचं तर फार आवडली. तिथंच मी थांबायला हवं होतं ना? थांबले नाही. पुढच्या सभेला आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते घेतलं.

त्या सभेत मार्थामावशी होत्या. वसतिगृहात स्वयंपाक करून आयुष्य काढलेल्या, नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी, ती शिरूरला दिलेली. त्यांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन करायचं ठरलं आणि त्या घाबरल्या. अशा घाबरल्या की सभा संपल्यावर माझा हात सोडेनात. “माझं नाव घेत जा गं,” म्हणाल्या. मी म्हणाले, “रोज घेते, मावशी.”

एकदाही घेतलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता त्याही पाचला उठतात. एकटीला भीती वाटते, पण त्याच वेळेला तूही गुडघ्यावर असतेस, म्हटल्यावर धीर येतो. हे ऐकल्यावर माणसानं काय करावं? त्या रात्री मी गजर लावला. सकाळी बंद केला आणि कूस बदलली. दुसऱ्या दिवशी लावलासुद्धा नाही.

त्या पुण्याला निघायच्या, त्या दिवसाचं सांगते. थंडी होती. माझे मिस्टर मालगाडीवर ड्युटीला गेलेले, घरात मी एकटी. उजाडल्यावर दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर पायरीवर मावशी. डोक्यावरून शाल, हात काखेत.

“मावशी, तुम्ही? कधी आलात?”

“पाचालाच आले. आज घरात करमंना. म्हटलं तुझ्यापाशी बसून प्रार्थना करावी.” त्या भिंतीला धरून उठल्या. “लाईट न्हाई दिसली. म्हटलं, अंधारात गुडघ्यावर आसंल पोरगी, मधीच हाक कशाला मारू? मग हितंच बसले. तुझ्यासंगंच केली.”

दोन तास ती बाई माझ्या दाराबाहेर गारठ्यात बसली होती. आणि आत मी गोधडी डोक्यावरून घेऊन झोपले होते.

त्यांनी विचारलं, “घेतलंस न्हवं माझं नाव?”

सांगायची वेळ होती ती. त्याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नाही. माझ्या गालावर उशीचा वळ असणार – त्यांनी तो पाहिला की नाही, मला माहीत नाही. मी म्हणाले, “घेतलं, मावशी.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात बर्फासारखा होता. चहा नको म्हणाल्या, जावई स्टेशनवर थांबलाय म्हणाल्या, आणि गेल्या.

दार लावून मी तिथंच फरशीवर बसले. पाळकाची मुलगी, लहानपणापासून प्रार्थना पाठ – पण एक शब्द सुचेना. नुसतं त्यांचं नाव घेत राहिले. मार्थामावशी, प्रभू. मार्थामावशी. दूध बाहेरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मोबाईल स्वयंपाकघरात ठेवला, म्हणजे गजर बंद करायला उठावंच लागेल. उठले. गुडघ्यावरच डुलक्या काढल्या. कधी दिवसच्या दिवस चुकायचे, मग लाज वाटून पुन्हा सुरू. मोठ्या प्रार्थना मला जमत नाहीत हेही तेव्हाच कळलं. मग एक स्तोत्र, एक नाव, आणि काहीच सुचलं नाही तर प्रभूनं शिकवलेली प्रार्थना – एवढंच धरलं. हळूहळू गजराच्या आधी जाग यायला लागली. वडील गेले तेव्हा दिवसभर मला घरात कुठं बसावं कळत नव्हतं. पहाटे मात्र कळायचं. मिस्टर रुळावर असतात त्या रात्रींनंतरची पहाट आता मला जड जात नाही. हे सगळं मला मिळालं, आणि मी त्याच्या लायकीची नव्हते. रोज आभार मानते. आभार मानताना दारातली ती पायरीही रोज आठवते.

मावशी बऱ्या झाल्या. आता मुलीकडे शिरूरला असतात. गेल्या ईस्टरला मी त्यांना भेटायला गेले, तर मला हाताला धरून उपासनेला घेऊन गेल्या. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं, त्याची साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “ऑपरेशनला निघायच्या दिशी म्या हिच्या दारात बसले व्हते. आत ही माझ्यासाठी प्रार्थनेत झगडत व्हती, मला भाईर कळत व्हतं. तवापासनं मला मरणाचं भ्या न्हाई.”

मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली. सगळ्यांना ती नम्रता वाटली असणार.

तिथले पाळक म्हणाले, प्रभूची स्तुती असो. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

मीही म्हटलं.