न दुखणारा घसा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नववीच्या भूगोलाच्या ज्या रेकॉर्डिंगसाठी चार शाळांनी मिळून मला फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं, त्यात माझा आवाजच नाही. एक शब्दसुद्धा नाही.

झालं असं. आमच्या भागात शाळाशाळांतून फिरणाऱ्या एक विशेष शिक्षिका आहेत. अपंग मुलांना लागणारं सगळं कुठल्याच एका शाळेत नसतं, म्हणून त्यांनी चार शाळांचे शिक्षक आणि पालक एका व्हॉट्सॲप ग्रुपवर गोळा केले. कबनूरच्या एका मुलीला अजिबात दिसत नाही आणि ब्रेलची पुस्तकं वेळेत येईनात. तेव्हा प्रत्येकानं एक विषय वाचून रेकॉर्ड करायचं ठरलं. माझ्या वाट्याला भूगोल आला.

मी फळ्याकडं तोंड करून शिकवणारा माणूस. पहिला धडा वाचला, ऐकायला बसलो आणि मलाच झोप लागली. मंगळवार पेठेत आमच्या शेजारी कुस्तीच्या मैदानात निवेदन करणारा गडी राहतो. त्याला म्हटलं, "एका पोरीसाठी एवढं वाचतोस काय?"

"आण की हिकडं!"

आणि त्यानं मैदान भरवलं. "आला, आला, नैऋत्य मोसमी वारा आला! सह्याद्रीनं छातीवर घेतला! सगळं पाणी हितंच काढून घेतलं की वो मंडळी! आता घाट वलांडून चाललाय, पण अंगात काय न्हाय ऱ्हायलं! ह्यालाच म्हणत्यात पर्जन्यछाया! वाजवा टाळ्या!"

मी ते ग्रुपवर टाकलं. कुणी वाचलंय ते लिहायचं राहिलं. खरंच राहिलं, पहिल्यांदा. लगेच एका बाईंचा निरोप, "सर, एवढा आवाज कुठं दडवून ठेवला होता?" मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिथंच घसरलो.

सत्कार झाला. मग मुलीच्या आईचा आवाजातला निरोप आला, मागं खटाखट यंत्रमाग चाललेले. "सर, आमच्यात दिवसभर हेच. हेडफोन लावला तरी बाकीच्या गुरुजींचं काय बी कळत न्हाय पोरीला. तुमचा भूगोल तेवढा मागावरनं बी ऐकू येतोय. दहावीचं विज्ञान बी तुमीच वाचा की."

शिक्षिकाबाईंनी ठरवूनही टाकलं, की या वेळी सरांनी सगळ्यांसमोर बसून वाचायचं, म्हणजे मुलांना मध्येच थांबवून विचारता येईल. मी लिहिलं, "घसा बसलाय."

आता आमच्या ग्रुपची एकजूट बघा. दोन दिवसांत घरी ज्येष्ठमध आलं, आलेपाक आला, जोतिबाकडच्या गुरुजींनी अंगारा पाठवला. एका पालकानं काढ्याची किटली दारात आणून, मी संपवेपर्यंत समोर ठाण मांडलं. मुलांसाठी उभं केलेलं सगळं जाळं माझ्या धडधाकट घशाभोवती कामाला लागलं. मी घरीही कुजबुजत होतो. बायकोच्या ते आठवडाभर लक्षातच आलं नाही.

शेजारी जिन्यात भेटला की विचारायचा, "पोरीला आवाडलं का रं?"

"बरं वाटलं म्हणे," मी सांगायचो. लाज वाटत होती, तरी तेवढंच सांगायचो.

परवाच्या बैठकीला आई त्या मुलीला घेऊन आली. ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. "सर, फकस्त 'वाजवा टाळ्या' म्हणा की."

मी कुजबुजलो. शेवटी खोकला काढला.

ती मान तिरकी करून ऐकत राहिली. मग हसली. "ऱ्हाऊ द्या सर. पण ज्यांनी भूगोल वाचलाय, त्यांचा घसा बरा हाय न्हवं? त्यांना सांगा, विज्ञानाचे धडे लई हायत."

आई म्हणाली, "काय बोलतीयास गं? हेच की ते सर!" कुणीतरी माझ्या हातात गरम पाणी दिलं, ते मी प्यालो.

दहावीचं वर्ष सुरू झालंय आणि तिच्याजवळ विज्ञानाचा एकही धडा नाही, कारण मी तोंड उघडत नाही. शेजाऱ्याला त्याचा फेटा आणि ग्रुपवर त्याचं नाव, आणि त्या मुलीला विज्ञानाचं अख्खं पुस्तक, एवढं मी अजून देणं लागतो.