ट्रॅक्टरची झडप आणि आमच्या पोफळी

मुंबईहून जुना ट्रॅक्टर आणला. त्याच्या पट्ट्यावर पंप चालवून नव्या पोफळींना पाणी देऊ, या भरवशावर मी विहिरीच्या रहाटाचा बैल विकून टाकला. ऐन वैशाखात इंजिन बंद पडलं. हँडल अगदी हलकं फिरे आणि धुराच्या नळीतून फुस्स आवाज येई. इंजिनाची झडप घट्ट बसत नाही, हे माझं निदान अचूक निघालं, आणि तिथेच घात झाला. एकदा बरोबर ठरलेला माणूस थांबतो थोडाच! घट्ट बसावी म्हणून खोबरेल तेलात जांभ्या दगडाची पूड कालवून मी ती झडप तिच्या बैठकीवर घासत बसलो. इतकी घासली, की ती खोल रुतली, तिचा दांडा तिला वर उचलणाऱ्या खालच्या ठोकणीला टेकला आणि ती मिटेनाच.

"फुसफुस थांबली काय हो?" बायकोने विचारलं.

"वाढली."

"मग रहाटाला आता तुम्हीच जुंपून घ्या. बैलाची जागा रिकामीच आहे."

खरंच जुंपून घेतलं. अंधार पडेपर्यंत जेमतेम एक ओळ भिजली. बाकीच्या कोवळ्या पोफळी दिवसागणिक पिवळ्या पडत गेल्या, आणि आम्ही दोघं नुसती बघत राहिलो.