रुख्माबाईची मूठ

वर्ध्याच्या गोल बाजारामागच्या गल्लीत रुख्माबाईची भट्टी होती. नवरा गेल्यावरही तिनं ती थंड पडू दिली नाही. चणे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, जे कोणी आणेल ते तापल्या वाळूत भाजून द्यायची आणि भाजणावळ म्हणून त्यातलीच मूठभर ठेवून घ्यायची. ही मूठ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत निघे, त्यामुळे कुणाला काही वाटत नसे.

सन चोपन्नमध्ये श्रीनिवास अय्यर नावाचे रेल्वेतले कारकून मद्रासकडून बदलून आले. त्यांच्या बायकोचं, पद्माचं, कॉफीवाचून फार अडे. बाजारात डब्यातली जुनी पूड तेवढी मिळायची, तिला ना वास, ना चव. शेवटी तिनं माहेराहून कच्च्या बिया मागवल्या, पण घरी भाजायला बसली की धुरानं तिचा दम वर येई. मग कुणीतरी तिला ही भट्टी दाखवली.

पहिल्या खेपेला रुख्माबाईनं बिया वाळूत टाकल्या आणि पार नासवल्या. पद्मा रागावली नाही. पुढच्या वेळी ती शेजारी उभी राहिली आणि वाळू न घालता, नुसत्या कढईत, मंद आचेवर, कसं हलवत राहायचं ते मोडक्या मराठीत सांगू लागली. बिया तडतडल्या, तांबूस झाल्या, आणि सगळ्या गल्लीत असा वास सुटला की पानवालाही बघायला आला. त्या संध्याकाळी पद्मानं पितळी पेल्यातून कॉफी पाठवली. दिवसभर आचेपुढे बसून रुख्माबाईचं डोकं ठणकायचं, ते त्या दिवशी थांबलं.

या कामाचे पद्मा रोख पैसे देई. म्हणजे कॉफीतल्या मुठीवर रुख्माबाईचा हक्क नव्हता, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पुढे पद्माला दिवस गेले. बिया घेऊन तिच्याकडं काम करणारी सीताबाई येऊ लागली. सीताबाई याच गल्लीतली. पिशवी ठेवून ती बाजार करायला जाई आणि परत येऊन भाजलेला माल नेई. तेवढ्यात रुख्माबाई एक मूठ पदराआड करू लागली. रात्री ती खलबत्त्यात कुटायची, गूळ घालून उकळायची आणि दार लावून प्यायची. एकीच्या दोन मुठी कधी झाल्या, ते तिचं तिलाही कळलं नाही.

पद्माचा डबा आधी काठोकाठ भरायचा. आता तो चार बोटं रिता राहू लागला. येणारी-जाणारी एकटी सीताबाईच होती. पद्मानं चार बायकांदेखत तिला विचारलं आणि कामावरून काढून टाकलं.

सीताबाई तडक भट्टीवर आली. "रुख्मा, तूच भाजते ना? मग सांग त्यायले. मी एक दाना तरी घेतला का?"

रुख्माबाईच्या हातातला झारा थांबला. ती म्हणाली, "मले काय माहीत? मी काय मोजून राह्यली?"

सीताबाई आल्या पावली निघून गेली. आठवड्याभरात ती हिंगणीला भावाकडं कापूस वेचायला गेल्याचं कानावर आलं.

घरात उरलेली कॉफी रुख्माबाईनं भट्टीत टाकली, तर वास गल्लीभर पसरला, आणि मुरमुरे घ्यायला आलेल्या बाईनं सहज विचारलं, "मद्रासीनबाईचा माल आला का?" रुख्माबाईला मान वर करता आली नाही. वास गेला तरी आपल्या लुगड्याला तो येतोच आहे, असं तिला वाटत राहिलं.

शेवटी ती पद्माच्या घरी गेली. पद्मा बाळंत झाली होती, बाळ मांडीवर होतं. उंबऱ्याशी बसून रुख्माबाईनं सगळं सांगितलं.

"मागितली असती तर मी दिली असती," पद्मा म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "आणि मी तिला चोर म्हटलं. तू तिला घेऊन ये."

रुख्माबाई सेलूपर्यंत मोटारीनं आणि तिथून पायी हिंगणीला गेली. सीताबाई वावरात होती. तिनं कापूस वेचता वेचता सगळं ऐकलं. पद्मानं परत बोलावल्याचंही ऐकलं.

"मले इथं सांगून काय होते?" ती म्हणाली. "इथं मले कोनी चोर म्हनत नाई. जिथं माह्यं नाव गेलं तिथं सांगजो."

दुसऱ्या सकाळी गल्लीतल्या नळावर बायका जमल्या असताना रुख्माबाई घागर न लावता उभी राहिली आणि म्हणाली, "कॉफी मी घेतलती. सीतानं नाई." त्यानंतर काही गिऱ्हाइकं दुसऱ्या भट्टीवर जाऊ लागली. जी उरली ती धान्य भाजून होईपर्यंत तिथंच उभी राहून तिच्या हातांकडं बघत. पद्मानं माल पाठवणं बंद केलं नाही. उरलेली पूड घेऊन जा, असंही ती म्हणे. पण तो घोट रुख्माबाईला पुन्हा गेला नाही.

सीताबाई उन्हाळ्यात परत आली. पद्माकडं ती गेली नाही. तिनं रामनगरात कामाला दुसरं घर धरलं. भट्टीवरून जाताना कधी "काय चालू हाय" म्हणे, कधी नुसतीच निघून जाई. रुख्माबाईनं तिला आपणहून कधी थांबवलं नाही.