जासूदबेनची खळ

लग्नाला वर्ष झालं आणि ह्यांची बदली खंभातला झाली. नोकरी तेलाच्या विहिरींवर. सकाळी जीप न्यायला यायची, ती दिवेलागणीला परत आणून सोडायची. घर मिळालं जैनांच्या गल्लीत. कांदा, लसूण, बटाटा आत आणायचा नाही एवढीच अट. मी कराडकडची, गुजराती एक अक्षर येत नव्हतं. सकाळची पूजा, नाम, स्वयंपाक सगळं उरकलं तरी दिवस उरायचाच.

एकदा ओटा झाडत होते. समोरच्या घरातून पांढऱ्या लुगड्यातली एक बाई तरातरा आली आणि तिने माझा हातच धरला.

“एवढा खरखरीत झाडू? मुंग्यांनी काय घोडं मारलंय गं तुझं?”

बोलली गुजरातीतच, पण मला सगळं कळलं. घरात जाऊन तिने लोकरीसारखा मऊ झाडू आणून दिला आणि तो कसा फिरवायचा तेही दाखवलं. नाव विचारलं तर म्हणाली जासूद. जासूद म्हणजे आपली जास्वंद. माझं नाव मात्र तिने विचारलंच नाही. मराठी बाई म्हणजे ताई, आणि तिथे बाईला बेन लावायचंच, म्हणून मी झाले ताईबेन. गल्ली सोडेपर्यंत ताईबेनच राहिले.

“दुपारी काय करतेस?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“मग उपाश्रयात ये. माडीवर. येताना एक वाटी मैदा आण.”

उपाश्रय म्हणजे जैन साधू-साध्वींच्या मुक्कामाची जागा. मला वाटलं पुऱ्या-बिऱ्या करायच्या असतील. माडीवर जाऊन बघते तर गल्लीतल्या दहा-बारा बायका सतरंजीवर बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर उसवलेलं पुस्तक. कुणी पानांच्या घड्या घालत होती, कुणी दाभणाने भोकं पाडत होती. कोपऱ्यात स्टोव्हवर पातेलं होतं आणि त्यात मैद्याची खळ रटरटत होती.

हा जासूदबेनचा बांधणीचा वर्ग. उपाश्रयाचं ज्ञानभांडार मोठं होतं. जुन्या हस्तलिखित पोथ्या होत्या, त्या सुट्या पानांच्या, दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात गुंडाळलेल्या. त्यांना आम्ही हात लावत नसू. पण छापील ग्रंथ, स्तवनांची पुस्तकं, मुलांच्या पाठशाळेची पुस्तकं वापरून वापरून खिळखिळी व्हायची, ती बांधायचं काम ह्या वर्गाकडे. शिकणंही त्यातच व्हायचं.

जासूदबेनला स्वतःला हे कसं आलं, ते ती सांगायची तेव्हा बाकीच्या बायका गालात हसायच्या, कारण त्यांनी ते शंभरदा ऐकलेलं असायचं. ती ऐन तरुणपणी विधवा झाली. मूलबाळ नाही. सासऱ्यांचा धाक असा की ती देरासर, म्हणजे देऊळ, सोडून कुठे जायची नाही. एका चातुर्मासात गल्लीत साध्वीजी आल्या होत्या. पोथीचं फाटलेलं वेष्टण हिने शिवून दिलं, ते त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि सासऱ्यांना म्हणाल्या, ह्या सुनेचा हात ज्ञानाच्या सेवेला लावा. वडोदऱ्याला बायकांच्या एका संस्थेत महिनाभराचं बांधणीचं शिबिर होतं. साध्वीजींना सासरे नाही कसं म्हणणार? सोबतीला म्हातारी आत्या देऊन पाठवलं.

“आत्या दिवसभर झोपायची,” जासूदबेन सांगायची, “आणि मी शिवायची. तेवढा एक महिना मी कुणाची सून नव्हते.”

लोक माहेराबद्दल बोलतात तसं ती त्या महिन्याबद्दल बोलायची. शिकवायला शिरीनबाई नावाच्या पारशी बाई होत्या. कडक, पण हिच्यावर जीव. त्यांनी खळ करायला शिकवली आणि सांगितलं, शेवटी चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे कीड लागत नाही. ही अडून बसली. कीड लागत नाही म्हणजे मरते. मी नाही घालणार.

शिरीनबाई म्हणाल्या, “बरं बाई. तुझी पुस्तकं माणसांपेक्षा कीडच जास्त वाचेल.”

हे सांगताना जासूदबेन स्वतःच सगळ्यात जास्त हसायची.

तिच्या वर्गाचे नियम म्हणजे एक सोवळंच होतं. चामडं नाही हे तर झालंच. सरस नाही, तो हाडांचा. रेशमी कापड नाही. दोऱ्याला मधमाशीचं मेण नाही, साधी मेणबत्ती घासायची. खळ रोज ताजी, आदल्या दिवशीची चालायची नाही, शिळ्या पिठात जीव धरतो. सूर्य मावळायच्या आत उरलेली खळ गाईपुढे. मला ह्यात परकं काही वाटलं नाही. माझी आई नैवेद्याचं असंच करायची.

शिवण ती जुजबंदीची शिकवायची. आठ-आठ पानांची घडी, प्रत्येक घडीच्या पोटातून दोरा बाहेर काढून शेजारच्या घडीत अडकवायचा. घट्ट ओढला तर कागद चिरतो, सैल सोडला तर पुस्तक लोंबतं. मी पहिल्यांदा शिवलेली वही तिने हातात धरून हलवली आणि म्हणाली, “ताईबेन, हिला कंबरदुखी आहे.” सगळी माडी हसली. मी उसवून पुन्हा शिवली.

पण तिचा खरा जीव होता खळीच्या कागदात. पातळ खळीत रंग कालवायची, कागदावर ब्रशने फासायची आणि ओला असतानाच त्यावरून तुटका कंगवा फिरवायची. लाटा उमटायच्या. खंभातचा समुद्र ओहोटीला कितीतरी दूर जातो आणि मागे चिखलावर रेघा सोडतो, अगदी तशा. सुकला की अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचा, की काचेसारखी चमक. अकीक घासणारे कारागीर गावात घरोघरी, दगडांना तोटा नव्हता. तो कागद पुठ्ठ्यावर चढला की पाठशाळेचं साधं पुस्तकही लग्नाच्या पेटीतलं वाटायचं. भांडारातलं एक अख्खं कपाट असल्या पुस्तकांनी भरलं होतं. दिवाळीनंतर ज्ञानपंचमीला कपाटं उघडायची, ग्रंथ चौरंगावर मांडून वासक्षेप, म्हणजे चंदनाची सुगंधी पूड, वाहायचा, तेव्हा बाहेरगावची माणसंही त्या कपाटासमोर थबकायची. जासूदबेन तेव्हा खांबाआड उभी असायची. सगळं ऐकू येईल इतकी जवळ.

मी जायला लागल्यावर काही वर्षांनी, एका ज्ञानपंचमीच्या दोन दिवस आधी, आम्ही झाडपूस करायला ते कपाट उघडलं. रंजनने, गल्लीतली सगळ्यात तोंडाळ सून ती, वरचं पुस्तक काढलं आणि ते तिच्या हातातच दोन झालं. आतून पिठासारखा भुगा सांडला.

दुसरं काढलं. तिसरं काढलं. जिथे जिथे आमची खळ होती तिथे तिथे पोखरलेलं. लाटांच्या कागदाला तर जाळी पडलेली. शेजारच्या कपाटातल्या सुट्या पानांच्या पोथ्या, वेखंडाच्या पुरचुंड्यांमध्ये, जशाच्या तशा होत्या.

जासूदबेनने मांडी घातली, एक पुस्तक पुढ्यात घेतलं आणि मऊ पिसाने एकेक अळी अलगद करवंटीत घ्यायला लागली. मग आम्हीही बसलो. करवंटी भरली की खाली अंगणात, पारिजातकाच्या सावलीत नेऊन ठेवायची. दोन दिवस आम्ही तेच करत होतो.

“काकी,” रंजन म्हणाली, “ह्यांना सावलीत ठेवून काय उपयोग? खायला काय घालणार? ह्यांना आपल्या खळीची चटक लागलीय.”

जासूदबेनचा हात थांबला. “खरं आहे,” ती म्हणाली. “मारायचं नाही म्हणून मी त्यांना पंगतीला बसवलं. आता पानावरून उठवतेय. मरणारच त्या.”

ज्ञानपंचमी झाली. ते कपाट त्या वर्षी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी विश्वस्त चिनुभाई माडीवर आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. दारातूनच बोलले.

“जासूदबेन, पुस्तकं अहमदाबादला छापखान्यात पाठवतोय. ते औषध घालून बांधतात.”

“आणि वर्ग?”

“वर्ग चालू ठेवा ना, कोण नाही म्हणतंय? फक्त खळीत मोरचूद पडलं पाहिजे. नाहीतर माडी मोकळी करा. ज्ञानाची अशी विटंबना, ही आशातना, मी नाही बघू शकत.”

“मी नाही घालणार, भाई.”

चिनुभाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. “तुम्हाला कोण म्हणतंय घाला म्हणून? ह्या ताईबेन आहेत ना. त्यांना कसली बाधा? त्यांनी घालायचं, तुम्ही बघायचं नाही. झालं.”

मला ते लागलं नाही, खरंच सांगते. मी तयार होते. घरात झुरळांना पावडर घालते, तशी चिमूटभर इथे घातली असती. वर्ग वाचला असता. मी तोंड उघडणार तेवढ्यात जासूदबेन उठून उभी राहिली. चिनुभाईंसमोर तिने डोक्यावरचा पदर नेहमी पुढे ओढलेला असायचा, तो तिने मागे सारला.

“तिला पाप लागत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? तिचा जीव काय वेगळ्या कापडाचा आहे? माझं पाप तिच्या ओंजळीत टाकून मी वर्ग चालवू?”

“अहो, मी आपलं सोय म्हणून—”

“सोय तुमची. किल्ली घ्या.”

माडीची किल्ली तिने सतरंजीवर ठेवली. स्टोव्ह आणि पातेलं उचलून ती जिना उतरली. मागून रंजन घोटायचे दगड घेऊन, मी दाभणांचा डबा घेऊन. चिनुभाई किल्ली उचलत म्हणाले, “बायकांचं डोकं!” रंजन जिन्यातून ओरडली, “सांगू का तुमच्या घरच्या काकींना, तुम्ही काय म्हणालात ते?”

गल्लीतून घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांना धार लागली होती. त्या गल्लीत मला सगळे प्रेमाने वागवायचे, पण पंगत वेगळी ती वेगळीच. माझ्या जिवाचं कुणी इतकं मनावर घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

वर्ग बंद झाला. सगळा हिवाळा जासूदबेन सामायिक, म्हणजे त्यांचं बैठं ध्यान, करून ओट्यावर नुसती बसून असायची. बोलवलं तर यायची, खाखऱ्याचा तुकडा मोडायची आणि तसाच ठेवून उठायची. अंगातलं काहीतरी काढून घेतल्यासारखी दिसायची. मी रोज दत्तमहाराजांपुढे तिच्यासाठी एक माळ जास्त करायला लागले. दुसरं काय करणार?

होळीच्या आसपास तिच्या घरात दुपारी उजेडाच्या झरोक्याखाली ती काहीतरी उसवताना दिसायला लागली. एकदा जुनी गोधडी, एकदा बैलाच्या झुलीचा तुकडा. कधी पोथीची फळी मांडीवर घेऊन नुसतीच बघत बसायची. विचारलं तर “काही नाही.” आणि एक दिवस गल्लीच्या त्या बाजूने हाक आली, पूर्वीसारखी, सगळ्या घरांना ऐकू जाईल अशी.

“ताईबेन! सुई घेऊन ये. वाटी नको.”

गेले. तिने माझ्या हातात एक वही दिली. खळीचा थेंब नव्हता तिच्यात. जाड खादीच्या दुहेरी पट्टीवर घड्या थेट शिवलेल्या, दोरा पाठीवर उघडाच, आणि तोही नुसता सरळ नाही, गोधडीच्या टाक्यांसारखा पुढेमागे, मध्ये मध्ये गाठींची फुलं. पुठ्ठ्याऐवजी हातकागदाचे चार थर एकावर एक शिवून केलेलं वेष्टण, त्याच्या कडा आत दुमडून बंदाने अडकवलेल्या. उघडली तर जमिनीवर सपाट पसरली.

“कशी आहे?”

मी हलवून बघितली. “कंबरदुखी नाही.”

ती हसली. कितीतरी महिन्यांनी. मग म्हणाली, “लाटा मात्र गेल्या गं. त्या खळीशिवाय होत नाहीत.” आणि वही माझ्या हातातून घेऊन पुन्हा पाठीवरून बोट फिरवत बसली. त्या लाटांवर तिचा किती जीव होता ते मला माहीत होतं, म्हणून मी काही समजूत घातली नाही.

नवा वर्ग तिच्या ओट्यावर भरला. पहिल्या दिवशी चौघी होतो, आंब्याच्या दिवसांत ओटा पुरेना म्हणून माझाही ओटा घेतला. मधल्या गल्लीतून गाय आली की दोन्हीकडच्या बायका दोरे वर उचलायच्या. ग्रंथ कुणी आणत नव्हतं आता. बायका आपलंच आणायच्या. सासूच्या लोणच्यांच्या कृती, पाठ केलेली स्तवनं, मुलांचे फोटो लावायला कोऱ्या वह्या. रंजनने तर नवऱ्याला आलेली विजेची बिलं शिवून आणली आणि वर फूल काढलं.

“हे कशाला गं?”

“एरवी उघडत नाहीत, काकी. फूल बघून तरी उघडतील.”

एका दुपारी चिनुभाईंची धाकटी सून येऊन बसली. घरी काय सांगून आलीस विचारलं तर म्हणाली, भजनाला. चार दिवसांनी चिनुभाई स्वतः गल्लीत हजर. सून ओढणी सावरत उभी राहिली. त्यांनी तिच्या हातातली वही घेतली, पाठ बघितली, दोन्ही बाजूंनी चांगली ताणली. वही काही तुटली नाही.

“ह्यात औषध?”

“नाही,” जासूदबेन म्हणाली. “खायलाच काही नाही तर येईल कोण?”

चिनुभाईंनी वही सुनेला परत दिली. “भजन संपलं की घरी या,” एवढंच तिला म्हणाले आणि गेले.

भांडाराची पुस्तकं अहमदाबादलाच जात राहिली. जासूदबेनने ती कधी मागितली नाहीत. ज्ञानपंचमीला ती खांबाआड उभी राहत नसे, सरळ समोर बसायची, आम्ही सगळ्या तिच्या मागे. आणि वासक्षेप वाहून झाला की ती हळूच म्हणायची, “चला, ऊन उतरायच्या आत दोन घड्या तरी शिवून होतील.” आम्ही उठायचो.