वर येण्याची घाई

लग्न ठरलं तेव्हा धारच्या माझ्या सासऱ्यांना एवढंच सांगितलं होतं, की मुलगा मुंबईला गोदीत आहे. त्यांनी गोदी म्हणजे गोदाम असं धरलं आणि जावई भांडारावर अंमलदार असल्याचं आळीभर सांगून टाकलं. मी पाणबुड्या आहे, तांब्याचा टोप घालून जहाजांच्या बुडाखाली उतरतो, हे त्यांना अक्षता पडल्यावर कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं? मी देवासचा. आमच्याकडे उन्हाळ्यात घागरभर पाण्यावरून भांडणं व्हायची. तिथला मुलगा पाण्याखाली पोट भरेल हे कोणाच्या ध्यानीमनी असणार!

बायकोने मात्र हा धंदा लवकर समजून घेतला. एकदा मी खांदा धरून कण्हत घरी आलो, तेव्हा तिने खोदून विचारलं. मी म्हणालो, "खोल पाण्यात दाबाची हवा घ्यावी लागते. तिच्यातला नत्रवायू रक्तात मुरतो. थांबत थांबत वर आलं तर श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर सोड्याच्या बाटलीसारखे अंगात बुडबुडे उठतात आणि सांध्यांत अडकतात."

"म्हणजे वातच की," ती म्हणाली. आमच्या डॉक्टरांनाही याहून नेमकं निदान जमलं नव्हतं.

पुढे एकदा रजेवर देवासला आलो असताना पीपलरावां गावच्या एका शेठजींचा निरोप आला. त्यांनी कापसातली सरकी काढायच्या जिनासाठी घेतलेलं तेलाचं इंजिन नेमावरला नावेतून उतरवताना नर्मदेच्या डोहात गेलं होतं. त्यांनी मुंबईहून टोपात हवा सोडणारा पंप मागवला, त्याबरोबर माझा गोदीतला कोकणी सोबतीही आला. बायको नर्मदास्नानासाठी निघाली, आणि बहिणीची काळजी म्हणून धारहून मेव्हणा आला. तो तिथे कचेरीत कारकून होता, स्वभावाने अतिशय प्रेमळ. पुढचा सगळा घोळ त्या प्रेमानेच केला.

कोकण्याने पंप सांभाळला आणि माझ्या कमरेची दोरी मेव्हण्याच्या हाती दिली. मी तळाशी बराच वेळ चाचपडून इंजिनाला साखळ्या बांधल्या. मग वर निघालो आणि नियमाप्रमाणे अध्येमध्ये थांबू लागलो. काठावर यात्रेकरूंची गर्दी. त्यांना दिसत होतं ते इतकंच, की माणूस अर्ध्या वाटेत लटकलाय आणि येत नाही. कोणी नावाडी ओरडला, "अरे भिया, यो तो गयो!"

झालं. मेव्हण्याचा धीर सुटला. कोकणी पंपापाशी बोंबलत राहिला आणि इकडे मेव्हण्याने चार धट्टेकट्टे यात्रेकरू जमवून मला मासळीसारखा वर खेचला. टोप निघाल्याबरोबर त्याने मला मिठी मारली आणि हमसून रडला. शेठजींनी मायेने विचारलं, "इंजिन ठीक आहे ना?"

चहा संपायच्या आत कोपरात कळ आली, मग खांद्यात, मग पाय लुळे पडले. यात्रेकरूंत एक वैद्य होते. त्यांनी नाडी पाहून सांगितलं, "वात." वेदना नसत्या तर मी हसलो असतो.

कोकणी म्हणाला, "यांना लगेच परत खाली सोडायला हवं. दाब वाढला की बुडबुडे विरतील." एकच गलका उठला. अर्धमेल्या माणसाला नदीत टाकता? मेव्हण्याने टोपच पोटाशी धरला. एवढ्यात बायको ओल्या केसांनिशी घाटावरून धावत आली. सगळं ऐकून तिने भावापुढे हात केला.

"टोप दे."

"ताई, अगं, दाजी जातील!"

"तू प्रेमाने ओढलंस तेवढं पुरे झालं. आता टोप दे."

मला परत खाली सोडलं. दोरी धरून ती स्वतः बसली आणि कोणाला जवळ फिरकू देईना. खोलवर गेल्यावर कळा ओसरल्या. मग मी इंचाइंचाने वर येत राहिलो. मधूनच दोरीला हिसका यायचा, मी उत्तरादाखल हिसका द्यायचो. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आम्हां दोघांना इतका वेळ निवांत बोलायला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

मी आपल्या पायांनी काठावर आलो. नर्मदामैयाने माणूस परत धाडला, असा निकाल लोकांनी दिला आणि टोपापुढे नारळ फुटले. वैद्यबुवांनी एरंडेल सांगितलं. इंजिनही निघालं; वाळू भरल्यामुळे ते कधी चाललं नाही.

नोकरी सोडून देवासला येऊन राहिलो, त्यानंतरची गोष्ट. मेव्हणा धारहून एक इंग्रजी साप्ताहिक घेऊन आला. तिकडे अमेरिकेत पाणबुड्यांना नत्रवायूऐवजी हेलियम देतात, असं त्यात होतं.

"दाजी, फुग्यात भरतात तो! इतका हलका! म्हणजे आता माणूस सरळ वर. थांबायला नको."

त्याचा चेहरा इतका उजळला होता, की सांगावंसं वाटेना. पण तशा प्रयोगांत भाग घेतलेला एक इंग्रज पाणबुड्या मला मुंबईत भेटला होता. मी म्हणालो, "हेलियम चटकन निघतो हे खरं, पण चटकन शिरतोही. थोडा वेळ बुडी मारली तरी हवेपेक्षा जास्त मुरतो. मग थांबे आणखी खोलीपासून घ्यायचे, आणि कधी अधिक वेळ. फार वेळ खाली राहिलं तरच वर येताना वेळ वाचतो."

"मग उपयोग काय?"

"फार खोल गेलं की नत्रवायूने भांग चढल्यासारखं होतं. हेलियमने डोकं ठिकाणावर राहतं."

तो विचारात पडला. "म्हणजे पूर्ण शुद्धीवर राहून लटकायचं."

"बरोबर. आणि आवाज बदकासारखा होतो."

"बदकासारखा म्हणजे कसा?"

मी काढून दाखवला. त्याला पटला नाही. त्याने आपला काढला. आम्ही दोघे पिकल्या केसांचे ओट्यावर बसून क्वॅक क्वॅक करू लागलो, तेव्हा समोरचा गवळी चरवी घेऊन थांबला आणि काळजीने विचारू लागला, "कंई हुयो, भिया?"