डूख धरणारी मंडळी

शालिनीताई पांढऱ्या पेशींबद्दल भावकीतल्या माणसांसारखं बोलायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी विरारच्या एका छोट्या लॅबमध्ये लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला मायक्रोस्कोपशी बसवलं. "हे न्यूट्रोफिल. गावजेवणाला पहिल्या पंगतीत बसणारे. आणि हे गोल, मुकाट दिसतात ना, ते लिम्फोसाइट. एकदा जंतूचा चेहरा बघितला की डूख धरतात. थेट आमच्या सासूबाई!"

आगाशीला त्यांची केळीची वाडी होती. तिथलं आटपून दहाच्या ठोक्याला हजर. जिभेला धार, पण डबा उघडला की पहिला घास माझा. रिपोर्टवर सही करताना म्हणायच्या, "आकडे कमी दिसले म्हणून भिऊ नये, बरोबर दिसले म्हणून निर्धास्त राहू नये." मला तो नुसता तोरा वाटायचा.

दहा वर्षांनी एका श्रावणात त्यांना जुलाब झाले, थांबलेही. पंधरा दिवसांनी म्हणाल्या, "पायाला मुंग्या येतात गं. चप्पल निसटली तरी कळत नाही." दोन दिवसांत जिना चढवेना. मग हातातून स्लाईड पडली. त्यांचं रक्त मी तपासलं. सगळ्या पेशी जिथल्या तिथे, एकही जास्त नाही. मला हायसं वाटलं. त्यांनी स्वतः स्लाईड पाहिली आणि रिपोर्ट सही न करता बाजूला सारला.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच नाही. "जुलाबाच्या जंतूचा चेहरा मज्जातंतूंच्या आवरणासारखा असतो," ते म्हणाले. "पेशी फसल्यात, स्वतःच्याच नसांवर तुटून पडल्यात. श्वास अडायच्या आत मुंबई गाठा, इथे श्वास देणारं यंत्र नाही. वाटेत एका श्वासात आकडे म्हणायला लावा. कमी होत गेले तर घाई करा."

शालिनीताई हसल्या. चेहऱ्याची एकच बाजू हसली. "माणूस ओळखण्यात चूक झाली मेल्यांची," त्या म्हणाल्या.

अँब्युलन्समध्ये त्यांचे यजमान ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागे ताईंपाशी. निघताना बावीस. महामार्गाला लागलो तेव्हा सतरा. खाडीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती, तिथे अकरा. मी ड्रायव्हरवर ओरडले.

"आता मोजायला लावू नकोस," त्या पुटपुटल्या. "दमले. तूच बोल काहीतरी."

मी ऐकलं. वेड्यासारखी त्यांच्या केळींबद्दल बोलत सुटले, कोणता घड कधी उतरवायचा, कुठल्या झाडाला टेकू हवा. दहिसरच्या पुढे कधीतरी त्या ऐकायच्या थांबल्या. नक्की कुठे, ते मला कळलं नाही. मोजायला लावलं असतं तर कळलं असतं.