इनास सरांनी न दिलेलं उत्तर

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गात प्रमाण विचलन शिकवत होते. एरवी वर्गात मी फोन घेत नाही, पण पडद्यावर बाईंचं नाव दिसलं आणि दाराबाहेर आले. बाई म्हणजे सरांच्या पत्नी. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. म्हणाल्या, "वैशाली, सर गेले गं आत्ता. तू धावत येऊ नको. तास संपवून ये." मी खरोखरच परत आत गेले आणि फळ्यावरचं उदाहरण पुरं केलं. उत्तर चुकलं होतं हे मला घरी आल्यावर कळलं... मुलांनी ते तसंच उतरवून घेतलं होतं.

इनास सरांनी नालासोपाऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, नंतर सहकारी झाले. जूचंद्रहून आलेली मी पहिल्याच आठवड्यात 'पान्याची पातळी' म्हणाले आणि वर्ग हसला. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. तसेच उभे राहून म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. पुढे बोल." मागाहून त्यांनी ना मला सुधारलं, ना ते वर्गाला रागावले. नंदाखाल गावातल्या घरी त्यांचीही बोली वेगळीच होती. ते घरात एक आणि फळ्यासमोर दुसरी मराठी बोलत, आणि दोन्हींची लाज बाळगत नसत.

निवृत्तीनंतर ते आणि बाई सहा महिने कॅनडाला मुलीकडे, सुनीताकडे राहून आले. नात टीना तेव्हा बारा वर्षांची होती. ती तिथे मुलींच्या संघातून आइस हॉकी खेळायची, म्हणजे पायात स्केट घालून बर्फावर खेळतात ती हॉकी. चेंडूऐवजी रबराची काळी चकती असते. टीना बचावपटू होती. सामने संपल्यावर घरी वाद चालायचा, की आजवरचा सगळ्यात थोर बचावपटू कोण. तिचा प्रशिक्षक पन्नास वर्षांपूर्वीच्या एका खेळाडूचं नाव घ्यायचा, टीना आत्ता खेळणाऱ्या एकाचं. घरात त्या दोघांची नावंच पडली, जुना आणि नवा. परतीच्या आदल्या दिवशी टीनाने विचारलं, "आजा, तू तर आकड्यांचा सर आहेस. मग सांग ना, कोण?" सर म्हणाले, "घरी जाऊन सांगतो."

आणि त्यात त्यांचे तीन हिवाळे गेले.

मला आधी हा म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा वाटला. मी बोळिंजहून शनिवारी सकाळी त्यांच्याकडे जायचे, तर सर आधीच संगणकासमोर बसलेले असत. जुन्याचे गोल जास्त, मग जुना थोर, इतकं ते सोपं नाही, हे त्यांनी मला आमच्याच उदाहरणाने समजावलं. "माझ्या वेळी मॅट्रिकला साठ टक्के पडले तर गावात पेढे वाटायचे. आता नव्वद पडले तरी पोरगी रडते. मग हुशार कोण? साठ आणि नव्वद शेजारी ठेवून चालत नाही. साठ पडले तेव्हा बाकीच्यांना किती पडत होते ते बघायचं." तसं त्यांनी प्रत्येक हंगामातली गोलांची सरासरी काढली आणि दोघांचे आकडे त्या त्या सरासरीने भागले. मग कोण किती मिनिटं बर्फावर होता ते आलं. तो बर्फावर असताना संघावर किती गोल झाले आणि नसताना किती, हेही आलं. पण नव्याचं सगळं मोजलेलं होतं, मिनिटामिनिटाचं. जुन्याच्या काळात कुणी घड्याळ लावून बसलंच नव्हतं. सर तिथे अडले. "ज्याची नोंद नाही, ते शून्य धरायचं नाही, वैशाली," ते म्हणत. "पण मग काय धरायचं?"

शनिवारी सातच्या सुमाराला, तिकडे शुक्रवारची संध्याकाळ असताना, टीनाचा व्हिडिओ कॉल यायचा. तिला मराठी अर्धीमुर्धी, सरांचं इंग्रजी पुस्तकी. सुनीता एकदा मला म्हणाली होती की हॉकी नसती तर या दोघांचं बोलणं 'जेवलीस का' यापुढे गेलं नसतं. ती नव्याची बाजू मांडायची, सर आकडे काढायचे, ती चिडायची, सर खूश व्हायचे. दर वेळी शेवटी ती विचारायची, "मग कोण, आजा?" आणि सर म्हणायचे, "अजून थोडं राहिलंय."

गेल्या वर्षी जानेवारीत सरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना सगळं समजतंय, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. एक शब्द मात्र राहिला होता, 'बरं'. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं, दुखलं तरी बरं. डाव्या हातात पेन दिलं तर आकडा काढायला जायचे आणि काहीतरी वाकडंतिकडं उमटायचं. तीन काढायला घेतलं की मध्येच हात थांबायचा. तीस वर्षं फळ्यावर आकडे लिहिलेला माणूस तो कागद उलटा करून ठेवायचा. मी समोर बसलेली असायचे.

शनिवारचे कॉल बाईंनी चालू ठेवले. मार्चमधली एक सकाळ आहे... ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. टीना पडद्यावर होती. आजाला बरं वाटावं म्हणून असेल, तिने नेहमीसारखंच विचारलं, "मग ठरलं का, आजा? जुना की नवा?" सर उठून बसायला धडपडले. त्यांना काहीतरी नेमकं सांगायचं होतं, हे डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. ओठ हलत होते, मानेची शीर ताठली होती. बाहेर आलं ते "बरं... बरं..." टीना वाट बघत राहिली. हळूहळू तिचा चेहरा रडवेला होऊ लागला. मला ते बघवलं नाही. मी फोन माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "सर म्हणतायत, तू जिंकलीस. नवा."

टीना हसली. "खरंच, आजा?"

सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी डावा हात खाटेच्या कडेवर आपटला आणि म्हणाले, "बरं. बरं. बरं."

तिला वाटलं, आजाने होकार दिला.

कॉल संपल्यावर मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, "सर, पुढच्या शनिवारी मी तिला खरं सांगते. तुम्हाला जुना म्हणायचं होतं का? हात दाबा." त्यांनी हात दाबला नाही. "नवाच म्हणायचं होतं?" तेव्हाही नाही. "दोघंही नाहीत?" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढच्या शनिवारी टीनाची परीक्षा होती. त्यापुढच्या शनिवारी सरांच्या छातीत कफ झाला, आणि आठ दिवसांत सर गेले. ज्यांनी माझं बोलणं कधी कुणाला तोडू दिलं नाही, त्यांच्या तोंडात मी माझं उत्तर घातलं. ते परत घेण्याचा कुठलाच मार्ग आता नाही.

अंत्यविधीला सुनीता एकटीच पोहोचू शकली. टीना आली ती महिन्याच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला. सोळा वर्षांची, माझ्यापेक्षा उंच. मिसानंतर घरी माणसं जेवत होती, तेव्हा मी तिला सरांच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. ती खाटेवर बसून ऐकत होती. मग तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मला डाऊट होता. आजा एक वर्डमध्ये कधीच आन्सर देत नाही." मग तिने विचारलं, "मग त्याला काय सांगायचं होतं?"

"मला माहीत नाही, टीना."

आम्ही संगणक उघडला. शेवटच्या पानावर सरांनी दोन तक्ते करून ठेवले होते. जुन्याच्या न मोजलेल्या मिनिटांचा एक अंदाज धरला तर जुना पुढे जात होता, दुसरा धरला तर नवा. दोन्हींच्या खाली निष्कर्षाची चौकट कोरी होती. ती मला भरता येईल का, असं टीनाने विचारलं. मी तासभर आकड्यांशी झटले. गणित मला येत होतं. पण कुठला अंदाज खरा मानायचा हे गणित सांगत नव्हतं, आणि एकदा त्यांच्या वतीने बोलून झालं होतं. मी संगणक मिटला.

बाई आत आल्या. आम्ही काय शोधतोय ते विचारलं आणि कपाटातून एक शंभर पानी वही काढून टीनाच्या हातात दिली. "ही तिकडची आहे. तुझ्या मॅचला घेऊन बसायचे." वहीत एकेका सामन्याचं एकेक पान होतं. वर तारीख आणि समोरचा संघ, खाली नुसत्या उभ्या रेघा, पाचवी रेघ आडवी. मथळा मराठीत होता, म्हणून मीच वाचून दाखवला. 'टीना आडवी आली म्हणून मागे फिरल्या.' समोरची मुलगी चकती घेऊन यायची, टीनाला बघून वळायची, गोल व्हायचाच नाही. कुणीही न लिहिणारी ती गोष्ट सर बाकावर बसून मोजत होते. एका पानावर टीनाचं बोट थांबलं. "ही आम्ही हरलो होतो. मी कारमध्ये खूप रडले होते." त्या पानावर सगळ्यात जास्त रेघा होत्या.

बाई वही घेऊन जा म्हणाल्या. तिने पानांचे फोटो घेतले आणि वही होती तिथे ठेवली.

मी अजून शनिवारी जाते. बाई चहा करतात तोवर मी सरांच्या खोलीत बसते. सांगण्यासारखं काही नसतं, विचारण्यासारखं आहे त्याला उत्तर मिळणार नाही. मग वही काढते. शेवटच्या पानावर रेघा अर्ध्यावरच थांबल्या आहेत, शेवटची तर नीट उमटलेलीसुद्धा नाही. खाली सरांच्या अक्षरात लिहिलं आहे, 'थंडीने बोटं वळेनात. पुढचं मोजता आलं नाही. ती शेवटपर्यंत खेळली.'